बेसबॉलचे पहिले दिग्गज आणि त्यांचे न पटणारे आकडे

साय यंग नावाच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, खात्यावर ५११ विजय आहेत. आज एखाद्या पिचरने अख्ख्या कारकिर्दीत ३०० सामने जिंकले तर दिग्गजांमध्ये त्याची जागा पक्की होते, आणि तिथवर पोचणारेही आता जवळपास उरलेले नाहीत. उलट टोकाला फ्रँक बेकर. या माणसाला लोक 'होम रन बेकर' म्हणायचे. होम रन म्हणजे साधारण क्रिकेटच्या षटकारासारखा फटका, आणि १९११ साली अमेरिकन लीगमध्ये ते सगळ्यात जास्त त्याचेच होते. किती? ११. पूर्ण मोसमात अकरा! त्याच्या कारकिर्दीची बेरीज ९६. आजचा दणकट फलंदाज अडीच-तीन मोसमांत एवढे मारून मोकळा होतो.

मग तेव्हाचे पिचर राक्षस होते आणि फलंदाज कुचकामी? तसं काही नाही. तेव्हाचा चेंडू वेगळा होता, करार वेगळे होते, आणि मैदानात कोणाला पाऊल टाकू द्यायचं याचेही नियम होते. काही लिहिलेले, काही न लिहिलेले. ते समजून घेतल्याशिवाय या खेळाडूंची थोरवी मोजायला बसलं की हमखास घोळ होतो.

आधी खेळापुरतं थोडंसं. क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉल फार जड जात नाही. दोन संघ, प्रत्येकी नऊ खेळाडू. पिचर टप्पा न पाडता चेंडू फेकतो, फलंदाज गोल बॅटने मारतो. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. सगळ्यांना वळसा घालून परत आलं की एक धाव. मारण्यासारखा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून चुकवला की 'स्ट्राइक'; तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद, तीन जण बाद झाले की डाव बदलतो, आणि असे नऊ डाव होतात. फटका मारून किमान पहिल्या बेसवर सुखरूप पोचलं तर ती 'हिट'. हिटला एकूण संधींनी भागतात, आणि तीच फलंदाजीची सरासरी. .३०० म्हणजे दहात तीनदा यश, आणि ते उत्तम समजतात. .४०० म्हणजे कौतुकाची कमाल. पिचर मैदानात असताना संघाने निर्णायक आघाडी घेतली तर विजय त्याच्या नावावर लागतो. समोरच्याला एकही धाव दिली नाही तर तो 'शटआउट'. एवढ्यावर पुढचं सगळं समजेल.

सुरुवात क्रिकेटवाल्यांनी केली

पहिला उघड पगारी संघ उभा करणारा हॅरी राइट मुळात क्रिकेटपटू होता. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये व्यावसायिक खेळाडू. हॅरीलाही सिनसिनाटीत क्रिकेट शिकवायलाच नोकरीवर बोलावलं होतं. तिथे बेसबॉलचं वारं वाहत होतं, तो तिकडे वळला, आणि १८६९ साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा संघ घेऊन देशभर फिरला. त्या वर्षी ५७ सामने जिंकले, एकही हरले नाहीत. संघात सर्वाधिक पगार त्याच्या धाकट्या भावाला, जॉर्जला: मोसमाचे १,४०० डॉलर. हॅरीचा स्वतःचा पगार त्याहून कमी होता.

बेसबॉलचं आकड्यांचं वेडही क्रिकेटकडूनच आलेलं. हेन्री चॅडविक हा इंग्लंडहून आलेला क्रिकेटचा बातमीदार. त्याने क्रिकेटच्या धावफलकावरून बेसबॉलचा 'बॉक्स स्कोअर' घडवला. प्रत्येक खेळाडूने काय केलं याचा एका तक्त्यात मांडलेला हिशेब. दीडशे वर्षांपूर्वीच्या पिचरबद्दल आज आपण आकड्यानिशी भांडू शकतो ते या माणसामुळे.

मालकांचा दोर

१८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली आणि तीनच वर्षांत मालकांनी आपापसात एक युक्ती काढली. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू 'राखीव' ठेवायचे. दुसऱ्या कुठल्याही मालकाने त्यांना घ्यायचं नाही. पाचाचे हळूहळू सगळेच झाले आणि ही अट प्रत्येक करारात शिरली. करार संपला तरी खेळाडू सुटत नसे. मालक देईल तो पगार घ्यायचा, नाहीतर घरी बसायचं. मालकाची मर्जी फिरली तर तो खेळाडूला दुसऱ्या संघाला विकून टाकायचा. खेळाडूला विचारायचंही कारण नव्हतं. ही पद्धत मोडायला १९७५ साल उजाडलं. या लेखात पुढे येणारा जवळजवळ प्रत्येक खेळाडू या दोराला बांधलेला होता, हे लक्षात असू द्या.

दोराचा काच कळायला चार्ल्स रॅडबोर्नचा १८८४ चा मोसम बघावा. तो प्रॉव्हिडन्स ग्रेजचा पिचर. संघात दोनच मुख्य पिचर: हा आणि चार्ली स्वीनी. दोघांचं पटत नव्हतं. जुलैत व्यवस्थापनाशी भांडण होऊन रॅडबोर्नला निलंबित केलं, आणि पाठोपाठ दारू पिऊन आलेला स्वीनी भर सामन्यात मैदान सोडून गेला. संघ गुंडाळायची वेळ आली. तेव्हा रॅडबोर्नने सौदा केला: उरलेले सामने मी टाकतो, मोसम संपला की मला राखीव अटीतून मोकळं करा. मालक कबूल झाले. पुढचे दोन महिने हा माणूस जवळपास रोज पिचिंग करत होता. मोसमाअखेर त्याचे विजय ५९ की ६० यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. टाकलेल्या डावांचा आकडा ६७८ च्या वर जातो. सकाळी केस विंचरायलाही हात वर जात नसे, असं त्याच्याबद्दल सांगतात. मोसम संपल्यावर न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध झालेले तीन सामनेही, लागोपाठ तीन दिवस, त्यानेच टाकले आणि तिन्ही जिंकले.

सुटका मिळाल्यावर त्याने काय केलं? वाढीव पगारावर पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच करार केला. मला हा सगळा प्रकार विलक्षण वाटतो. त्याला पळून जायचं नव्हतंच. जायचं की राहायचं हे आपण ठरवावं, एवढंच हवं होतं.

१९०१ साली अमेरिकन लीग उभी राहिली तेव्हा खेळाडूंना थोडी हवा मिळाली. जुन्या लीगने पगारावर २,४०० डॉलरची मर्यादा घातली होती. नव्या लीगने जास्त देऊन माणसं फोडली. नॅप लाजोई फिलाडेल्फियाच्या एका संघातून त्याच शहरातल्या दुसऱ्या संघात गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने .४२६ ची सरासरी काढली. जुना मालक कोर्टात गेला. पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टाने मनाई केली, पण कोर्टाचा हुकूम राज्यापुरताच! मग लाजोई ओहायोतल्या क्लीव्हलँडकडून खेळू लागला, आणि क्लीव्हलँडचा संघ फिलाडेल्फियाला गेला की तेवढे दिवस हा पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीबाहेर थांबायचा. पुढे तो इतका लोकप्रिय झाला की क्लीव्हलँडच्या संघाचं नावच 'नॅप्स' पडलं.

मेलेला चेंडू

१९०० ते १९१९ या काळाला बेसबॉलवाले 'डेड बॉल'चा काळ म्हणतात. एका सामन्यात शक्य तितका वेळ एकच चेंडू चालवायचे. प्रेक्षकांत गेलेला चेंडूही परत मागून घेत. पिचर त्यावर थुंकायचा, तंबाखूचा रस लावायचा, माती चोळायचा, कुठेतरी घासून खरवडायचा, आणि यातलं बरंचसं कायदेशीर होतं. चौथ्या-पाचव्या डावापर्यंत चेंडू तपकिरी, मऊ आणि वेडावाकडा झालेला असे. मैदानं प्रचंड, दिवे नाहीत. संध्याकाळी असला चेंडू दिसणंच मुश्कील, तर लांब मारणं दूरच. म्हणून धावा चोरून-मारून काढायच्या: बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवायचा, त्याला बंट म्हणतात, आणि पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर धाव ठोकायची, ते बेस चोरणं. बेकरचे अकरा होम रन आता वेगळे दिसतील.

साय यंगचे ५११ विजय याच काळातले आणि त्याच्या आधीचे. तो ओहायोतला शेतकरी, मोसम संपला की पुन्हा शेतावर. १८९० मध्ये तो आला तेव्हा पिचर ५० फुटांवरून टाकायचे. १८९३ मध्ये अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केलं, आणि कित्येक पिचरांची कारकीर्द तिथे संपली. यंग मात्र १९११ पर्यंत टाकत राहिला. ७४९ सामने त्याने एकट्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकले. आज पिचरला शंभराच्या आसपास चेंडू झाले की बाहेर काढतात, त्यामुळे हा विक्रम मोडणं अशक्यच आहे. सर्वाधिक पराभवही यंगच्याच नावावर आहेत, तीनशेच्या वर. आणि ५ मे १९०४ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने बॉस्टनकडून फिलाडेल्फियाच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना बाद केलं. एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही.

सगळ्यांचे खांदे असे नव्हते. एड वॉल्श हा शिकागोचा पिचर, थुंकी लावलेल्या चेंडूचा बादशहा. १९०८ मध्ये त्याने ४६४ डाव टाकून ४० सामने जिंकले. १९१२ अखेर १८२ विजय झाले होते, वय फक्त ३१. त्यानंतर उरलेल्या सगळ्या वर्षांत मिळून त्याला १३ विजय मिळाले. हात संपला होता. कमीत कमी धावा देण्याचा त्याचा सरासरीचा विक्रम अजून टिकून आहे, पण त्याची किंमत आकड्यात दिसत नाही.

क्रिस्टी मॅथ्यूसनचं प्रकरण वेगळं. त्या काळी बेसबॉल खेळाडू म्हणजे दारुडा, शिवराळ आणि भांडकुदळ अशी समजूत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. मॅथ्यूसन मात्र बकनेल विद्यापीठात शिकलेला, देखणा, अभ्यासू, आणि आईला दिलेल्या शब्दाखातर रविवारी न खेळणारा. न्यूयॉर्क जायंट्सकडून तो नेहमीच्या वळणाच्या उलट्या दिशेने जाणारा एक चेंडू टाकायचा. त्याला 'फेडअवे' म्हणत. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, त्याने सहा दिवसांत तीन पूर्ण सामने टाकले. २७ डावांत समोरच्याला एकही धाव मिळाली नाही. एकूण १४ हिट, आणि चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस मिळालेला फलंदाज फक्त एक. वर्ल्ड सिरीजमधली पिचिंगची यापेक्षा मोठी कामगिरी माझ्या तरी डोळ्यासमोर येत नाही, आणि चेंडू मेलेला होता हे धरूनही मी हे म्हणतोय.

१९१८ मध्ये तो सैन्यात गेला आणि फ्रान्समध्ये विषारी वायूच्या विभागात असताना त्याच्या फुप्फुसांत वायू गेला. पुढे क्षयाने गाठलं. ७ ऑक्टोबर १९२५ ला, वर्ल्ड सिरीज सुरू झाली त्याच दिवशी, तो गेला. वय ४५.

वॉल्टर जॉन्सन कॅन्ससचा. त्याला शोधलं ते आयडाहोतल्या वायझर नावाच्या गावी, तिथल्या टेलिफोन कंपनीच्या संघात तो खेळत होता. लांबलचक हात आणि बाजूने येणारा भन्नाट चेंडू. ४१७ विजय, ११० शटआउट, आणि साडेतीन हजारांवर फलंदाज तीन स्ट्राइकने बाद. हा शेवटचा विक्रम १९८३ पर्यंत टिकला. १९०८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने न्यूयॉर्कला चार दिवसांत तीन वेळा शून्यावर ठेवलं. मधला एक दिवस रविवार होता, म्हणून सुट्टी मिळाली! गंमत अशी की त्याचा वॉशिंग्टनचा संघ बहुतेक वर्षं रडतखडत खेळणारा. १-० अशा फरकाने तो पंचवीसहून जास्त सामने हरला. स्वभावाने इतका सरळ की आपला चेंडू लागून कोणी मरेल याची त्याला धास्ती असायची. टाय कॉबने हे हेरलं होतं. तो मुद्दाम प्लेटला, म्हणजे चेंडू जिच्यावरून यायला हवा त्या पाटीला, चिकटून उभा राहायचा, म्हणजे जॉन्सन बिचकून बाहेर टाकेल.

वॅग्नर आणि कॉब

होनस वॅग्नर जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, पिट्सबर्गजवळच्या कोळशाच्या खाणीत पोरवयात राबलेला. पाय धनुष्यासारखे वाकडे, हात फावड्याएवढे. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, क्षेत्ररक्षणातली सगळ्यात अवघड. त्याने आठ वेळा लीगमधली सर्वोत्तम सरासरी काढली, त्यातल्या बहुतेक वेळा तिथे खेळताना. आज सामान्य माणसाला तो आठवतो तो मात्र एका कागदाच्या तुकड्यामुळे. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं घातली, त्यातलं वॅग्नरचं चित्र लवकरच मागे घेतलं. मुलांनी त्यासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला पसंत नव्हतं, असं एक कारण सांगतात. पैसे मिळाले नाहीत हे दुसरं. वॅग्नर स्वतः तंबाखू खायचा, त्यामुळे पहिलं कारण ऐकायला छान असलं तरी मी जरा सांभाळूनच घेतो. आज साठेक प्रती शिल्लक आहेत आणि २०२२ मध्ये त्यातली एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

टाय कॉबवर जास्त थांबावं लागतं. जॉर्जिया राज्यातला, शिकलेल्या घरातला मुलगा. वडील शिक्षक आणि राज्याचे सिनेटर. ऑगस्ट १९०५ मध्ये एका रात्री वडील खिडकीपाशी आले असताना आईने गोळी झाडली. चोर समजून झाडली, असं तिने सांगितलं. पुढच्या वर्षी कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. वडील गेल्यावर तीनच आठवड्यांनी, वयाच्या अठराव्या वर्षी, कॉब डेट्रॉइट टायगर्सकडून पहिला सामना खेळला. संघातल्या जुन्या खेळाडूंनी त्याला छळलं, त्याच्या बॅटी मोडल्या. तो जन्मभर कोणाशीतरी लढतच राहिला. बेस चोरताना बुटांचे खिळे पुढे करून घसरणारा, हॉटेलात आणि रस्त्यात हातघाईवर येणारा असा त्याचा लौकिक झाला. त्याच्या नावावर खपवलेल्या कित्येक भयंकर गोष्टी नंतरच्या संशोधनात टिकल्या नाहीत. पण सगळ्याच खोट्या नव्हेत.

१५ मे १९१२ ची घटना तर हजारोंनी पाहिली. न्यूयॉर्कमध्ये एक प्रेक्षक त्याला सतत शिव्या देत होता. कॉब कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसला आणि त्याने त्या माणसाला तुडवलं. तो माणूस छापखान्यातल्या अपघातात एक पंजा आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं गमावलेला होता. लीगने कॉबला निलंबित केलं. आणि मग ज्या सहकाऱ्यांना कॉब फारसा आवडत नव्हता तेच म्हणाले, कॉब नाही तर आम्हीही नाही. सुनावणी न घेता शिक्षा कशी, हा त्यांचा मुद्दा होता.

१८ मे ला फिलाडेल्फियात सामना होता. संघ उतरला नाही तर मालकाला ५,००० डॉलर दंड. व्यवस्थापक ह्यूई जेनिंग्जने गावातली हौशी पोरं गोळा केली. पिचर म्हणून आला अलोयशस ट्रॅव्हर्स, सेंट जोसेफ कॉलेजचा विद्यार्थी. त्याने पूर्ण सामना टाकला आणि २४ धावा दिल्या, २४-२. पुढे तो जेसुइट पाद्री झाला. शेवटी कॉबनेच सहकाऱ्यांना परत जायला सांगितलं, त्याला दहा दिवस आणि ५० डॉलरची शिक्षा झाली. त्याच वर्षी खेळाडूंची संघटनाही उभी राहिली. या सगळ्यात हिरो कोणीच नाही, पण मालकांच्या दोराला एक हिसका इथे बसला.

आता त्याचे आकडे. सरासरी .३६७, बेस चोरले जवळपास ९००. हिट किती? वर्षानुवर्षं छापून येणारा आकडा ४,१९१, दुरुस्ती करणारे संशोधक ४,१८९ धरतात. हा फरक १९१० च्या एका भानगडीतला आहे. त्या वर्षी चाल्मर्स या मोटार कंपनीने सर्वोत्तम सरासरी काढणाऱ्याला गाडी जाहीर केली. शर्यत कॉब आणि आपला लाजोई यांच्यात. कॉब पुढे होता, म्हणून शेवटचे दोन सामने त्याने खेळलेच नाहीत. ९ ऑक्टोबरला लाजोईचे सेंट लुईसमध्ये एकाच दिवशी दोन सामने होते. सेंट लुईसच्या व्यवस्थापकाला कॉब नको होता. त्याने तिसऱ्या बेसवरच्या नवख्या पोराला पार मागे उभं केलं. लाजोई बहुतेक वेळा नुसते बंट टेकवत राहिला आणि धावत राहिला. दिवसभरात आठ हिट! एक बंट नोंदकाराने हिट धरला नाही, तेव्हा निर्णय बदलला तर नवा सूट शिवून देतो असा निरोपही त्याच्याकडे गेला. बोभाटा झाला, व्यवस्थापकाची नोकरी गेली, लीगने कॉबला विजेता ठरवलं आणि मोटार कंपनीने हुशारीने दोघांनाही गाडी दिली.

जुन्या वह्या तपासल्यावर १९८१ मध्ये जाहीर झालं की कॉबचा एक सामना दोनदा मोजला गेला होता, त्यातल्या दोन हिट जास्तीच्या. म्हणजे ती शर्यत खरंतर लाजोईने जिंकली होती. तेव्हाच्या कमिशनरने, म्हणजे सगळ्या खेळाच्या प्रमुखाने, निकाल बदलायला नकार दिला.

१९२०

शूलेस जो जॅक्सन दक्षिण कॅरोलायनातल्या कापडगिरणीत लहानपणापासून कामाला. शाळा नाहीच, बायको त्याला वाचून दाखवायची, सहीसुद्धा बहुतेक तीच करायची. नवे बूट चावले म्हणून एकदा मोज्यांवर खेळला आणि नाव कायमचं चिकटलं. १९११ मध्ये त्याची सरासरी .४०८ होती. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याचा शिकागो व्हाइट सॉक्स संघ सिनसिनाटीकडून हरला आणि पुढच्या वर्षी उघड झालं की मुद्दाम हरण्यासाठी जुगाऱ्यांनी आठ खेळाडूंना गाठलं होतं. जॅक्सनला ५,००० डॉलर मिळाले. त्याचा वर्षाचा पगार ६,००० होता. मात्र त्या मालिकेत त्याची सरासरी .३७५ होती, म्हणून तो निर्दोष होता असं त्याचे चाहते आजही म्हणतात. पैसे घेतल्याचं त्याने ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं होतं, हे मात्र ते हळूच गिळतात. कंजूष मालकामुळे बिचाऱ्यांनी असं केलं, ही कहाणीही अर्धवट आहे; त्या संघाचे पगार लीगमधल्या वरच्या संघांइतके होते. ऑगस्ट १९२१ मध्ये ज्युरीने सगळ्यांना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी नवे कमिशनर न्यायाधीश लँडिस यांनी आठही जणांना तहहयात बंदी घातली. २०२५ च्या मे महिन्यात, म्हणजे मृत्यूनंतर ७३ वर्षांनी, जॅक्सनवरची बंदी उठली.

त्याच १९२० मध्ये चेंडू जिवंत झाला, पण एका माणसाच्या जिवावर. १६ ऑगस्टला क्लीव्हलँडच्या रे चॅपमनला कार्ल मेझचा मळकट चेंडू कानशिलावर लागला. त्याला तो दिसलाच नसावा, कारण तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. थुंकीच्या चेंडूवर त्या मोसमाआधीच बंदी आली होती; त्यावर पोट असलेल्या १७ पिचरांना पुढे तेवढी सूट दिली गेली. आता मळलेला चेंडू लगेच बदलायचा, असा दंडक पडला. हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र आणखी कित्येक दशकं गेली.

पांढरा, कडक, दिसणारा चेंडू हातात आला आणि नेमका त्याच वर्षी बेब रूथ न्यूयॉर्क यँकीजकडे आला. बाल्टिमोरच्या दारूगुत्तेवाल्याचा हा व्रात्य मुलगा सातव्या वर्षी सुधारगृहवजा शाळेत टाकलेला. तिथे शर्ट शिवायला शिकला आणि बेसबॉलही. बॉस्टनकडून तो आधी उत्तम पिचर होता. १९१६ मध्ये २३ विजय. बॉस्टनने त्याला एक लाख डॉलरला विकलं. १९२० मध्ये त्याने ५४ होम रन मारले. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉर्ज सिसलरचे १९ होते. हे सगळं चेंडूमुळे झालं असं म्हणणाऱ्यांनी हा १९ चा आकडा बघावा. सिसलरलाही तोच चेंडू मिळत होता. पुढे १९२७ मध्ये ६०, एकूण ७१४. १९३२ च्या जुलैमध्ये डॉन ब्रॅडमन न्यूयॉर्कला गेला होता तेव्हा यँकी स्टेडियममध्ये या दोघांची भेटही झाली.

१९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे दिग्गजांच्या सन्मान-दालनासाठी, पहिलं मतदान झालं. २२६ पैकी कॉबला २२२ मतं, रूथ आणि वॅग्नरला प्रत्येकी २१५, मॅथ्यूसनला २०५, जॉन्सनला १८९. रूथपेक्षा कॉब वर, हे आज अनेकांना खरं वाटत नाही.

ज्यांना खेळूच दिलं नाही

ही पाचही नावं गोऱ्यांची आहेत आणि तो योगायोग नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर, म्हणजे फलंदाजामागून चेंडू पकडणारा आणि कोणता चेंडू टाकायचा ते पिचरला खुणेने सांगणारा, टोलीडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. विद्यापीठात शिकलेला माणूस. त्याचा पिचर टोनी मुलेन याने पुढे कबूल केलं की वॉकर हा त्याला मिळालेला सर्वोत्तम कॅचर होता, पण काळ्या माणसाच्या खुणा मानायच्या नाहीत म्हणून तो मनाला येईल तो चेंडू टाकायचा. खुणेविना येणारा प्रत्येक चेंडू वॉकरला अंदाजाने पकडावा लागे, आणि तोही आजच्यासारख्या जाड गादीच्या ग्लोव्हशिवाय. १८८७ मध्ये, तेव्हा तो ज्या छोट्या लीगमध्ये खेळत होता तिने, कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. मोठ्या लीगमध्ये कधी लेखी नियम झालाच नाही. मालकांनी नुसतं घेणं बंद केलं, आणि ते १९४७ पर्यंत चाललं.

१९२० मध्ये रूब फॉस्टर या पिचर-व्यवस्थापकाने कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. कृष्णवर्णीयांच्या अशा लीगमधूनच पुढे जॉश गिब्सन हा फलंदाज आला. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमची मतं मोजली जात होती तेव्हा वॅग्नर पिट्सबर्ग पायरेट्सचा प्रशिक्षक होता, आणि त्याच पिट्सबर्गमध्ये क्रॉफर्ड्स संघाकडून गिब्सन खेळत होता. पायरेट्सच्या संघात मात्र त्याला जागा नव्हती. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो वारला. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि दार उघडलं.

मे २०२४ मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले. २,३०० हून अधिक खेळाडू. त्या दिवशी कारकिर्दीच्या सरासरीत शंभर वर्षांच्या आसपास पहिला असलेला कॉब .३६७ वर दुसरा झाला आणि गिब्सन .३७२ वर पहिला. यावर कुरकुर झालीच: त्या लीगचे मोसम छोटे, सामने कमी. आक्षेपात तथ्य आहे. पण मोसम छोटे का होते, तर या खेळाडूंना वर्षाचे बाकीचे दिवस गावोगाव फिरून, नोंद न होणारे सामने खेळून पोट भरावं लागायचं म्हणून. आणि कॉबने तरी कुठे गिब्सनच्या आधीच्या पिढीतल्या फॉस्टरसारख्या पिचरला लीगमध्ये तोंड दिलं?

त्या सात लीगच्या नोंदी अजून पूर्ण नाहीत. २०२४ मध्ये चारातल्या तीन भागांएवढ्याच हाती आल्या होत्या. संशोधक जुन्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या फायली चाळून चॅडविकच्या पद्धतीचे ते तक्ते एकेक करून जमवतायत, आणि नवा तक्ता सापडला की गिब्सनची सरासरी पुन्हा मोजावी लागते.